उलट्या होडीची रेकॉर्ड

कवळीकर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. दातांच्या कवळ्या करायचा म्हणून कवळीकर. चाळीस वर्षं एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्याने प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवलं, मेणात एकेक दात बसवला, कवळी तयार झाली की घासून चकचकीत केली आणि पुढच्या खोलीत पाठवून दिली. पुढे दंतवैद्य त्या दातांचं श्रेय घेऊन गोड गोड बोलायचा. हजारो लोकांच्या हसण्याची सोय कवळीकरने केली, पण त्यांतल्या एकानेही त्याला कधी पाहिलं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. भांडण त्याच्या अंगातच नव्हतं. घरमालकाने गळका नळ बदलून दिला नाही, तर हा वीस वर्षं त्याखाली बादली ठेवेल. असल्या माणसांचा राग येतो, आणि तो धड दाखवताही येत नाही, कारण ती आधीच माफी मागून मोकळी होतात.

एका गोष्टीसाठी मात्र तो भांडायचा. एका रेकॉर्डसाठी.

रविवारी सकाळी दहाला चौघं जण फ्रेमवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायचे. फ्रेमवाला तसबिरींना चौकटी करून द्यायचा. खोलीत लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला टेकवलेल्या काचा आणि कोपऱ्यात एक रेकॉर्ड प्लेअर. दुसरा वाइंडर. पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरणारा, बोटं कायम काळी. तिसऱ्या बाई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पण अजूनही समोरच्याला बाकावर उभं करण्याच्या तयारीत असलेल्या. चौथा कवळीकर. आणि या चौघांना एका दोरीत बांधणारी गोष्ट होती ब्रिटिश फोक-रॉक.

हे काय आणखी, असं कुणी विचारलं तर बाई सांगायच्या, "तिकडच्या खेड्यापाड्यांतली दोन-तीनशे वर्षांची गाणी. फक्त हातात इलेक्ट्रिक गिटार आणि मागे ड्रम. कुणी बुडतं, कुणी फासावर जातं, कुणाचं लग्न मोडतं, आणि सगळं ठेक्यात."

याचं खूळ लागलं तेही गमतीनेच. एकदा एक हॉटेलवाला वीस-बावीस जुन्या एलपी घेऊन आला. त्याला नुसत्या वेष्टनांवरची चित्रं हवी होती, चौकटीत बसवून भिंतीवर लावायला. "आतल्या थाळ्या टाकून दे," म्हणाला. फ्रेमवाल्याने टाकल्या नाहीत. एक लावून पाहिली, मग दुसरी, मग समोरच्या वाइंडरला हाक मारली, आणि असं करत करत मंडळ झालं. वेष्टनं गेली हॉटेलच्या भिंतीवर, रेकॉर्डी राहिल्या खाकी कागदात. लेबलांवर त्यांची खरी नावं होती, पण ती कुणी घ्यायचं नाही. फ्रेमवाल्याला चित्रं आठवत होती, म्हणून बोकड, पाणचक्की, तीन बहिणी, बुजगावणं अशीच नावं पडली. पुढे कुणीकुणी आणखी जमवल्या, त्यांनाही चित्रांचीच नावं मिळाली, आणि सगळ्या फ्रेमवाल्याच्या कपाटात जमा झाल्या. रेकॉर्ड घरी न्यायची नाही, ऐकायची ती इथेच, हा नियम.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी यादी व्हायची. खरं तर दोन याद्या. एक श्रेष्ठ दहांची, तिच्यावर हवं तेवढं भांडा, पण नाव चढायला चारही हात वर व्हायला हवेत. आणि न ऐकलेल्या रेकॉर्डला हात वर करायचा नाही. दुसरी आवडत्यांची, प्रत्येकाची एक, बाई ती मुकाट्याने वहीत उतरवून घ्यायच्या.

"श्रेष्ठ म्हणजे काय?" बाई दर वर्षी बजावायच्या. "जे आपल्याला आवडलं नाही तरी मान्य करावं लागतं ते."

"मग बोकड पहिला," फ्रेमवाला म्हणायचा.

"बोकडात ड्रमवाला झोपलाय, मेल्या," वाइंडर म्हणायचा. " पाणचक्की ऐक, पाणचक्की."

"पाणचक्कीत व्हायोलिनने कान किसून निघतात. आणि ती चौथं गाणं म्हणणारी, नाक चोंदलंय का तिचं?"

"नाक चोंदलेलं नाही, ती तिथली बोली आहे," बाई नकाशाचं पुस्तक उघडत म्हणायच्या. "इथे, या किनाऱ्याला असंच बोलतात." आणि काळं बोट, सरसाचं बोट आणि खडूची सवय झालेलं बोट, तिन्ही त्या किनाऱ्यावर टेकायची. यांतल्या कुणीही तो किनारा बघितलेला नव्हता, बघायची शक्यताही नव्हती.

मग कवळीकर घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "उलटी होडी."

सगळे हसायचे. सव्वीस वर्षं हसत होते.

उलटी होडी एवढी एकच रेकॉर्ड कपाटात नव्हती. ती कवळीकरच्या घरी होती. त्याच्या बायकोचा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून एक वापरलेला रेकॉर्ड प्लेअर बहिणीला आणून दिला होता. इथल्या विजेवर चालावा म्हणून सोबत एक जड ट्रान्स्फॉर्मर, आणि खोक्यात तळाशी ही एक रेकॉर्ड. वेष्टनावर वाळूत पालथी पडलेली होडी, बाकी अक्षर नाही. बायकोला कवळीकरचं रविवारचं खूळ पसंत नव्हतं. मिळालेली प्रत्येक नवी रेकॉर्ड तो घरी न आणता परस्पर मंडळाच्या कपाटात घालायला लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सगळं त्या चौकटवाल्याकडे नेऊन टाकलंत. ही एक राहू द्या. ही मला आवडते."

लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि त्याला आणि तिला दोघांनाही आवडतं असं सापडलेलं ते पहिलंच. मूल नव्हतं. बोलण्यासारखंही फार नव्हतं. दर बुधवारी दवाखाना बंद असायचा, त्या दिवशी जेवणं झाली की तो होडी लावायचा आणि ती हातातलं काम ठेवून बसायची. चोवीस मिनिटं एक बाजू, चोवीस मिनिटं दुसरी. मधे तो रेकॉर्ड उलटायला उठायचा तेव्हा ती म्हणायची, "सावकाश." बस, एवढाच त्यांचा संसार, आणि कवळीकरला तो पुरत होता.

त्यामुळे मंडळात तो होडीबद्दल नुसतं बोलायचा. "ती गाणारी पन्नाशीची असणार. नवरा समुद्रावर गेलेला आणि परत न आलेला. आवाज असा जाड, दमलेला, जणू जिने चढून आली आहे. तुमच्या बोकडात नि पाणचक्कीत सगळी पोरं आहेत, पोरं. दुःख म्हणजे काय ते होडीत आहे."

"मग आण की एकदा!"

"बाहेर न्यायची नाही असं घरात ठरलंय."

"आम्ही येतो तुझ्याकडे."

"चार जिने आहेत, आणि तिला माणसांचा त्रास होतो." बायकोचा दमा जुना होता, तेव्हा हे खोटंही नव्हतं. मोबाइल आल्यावर वाइंडरने त्यावरही शोधून पाहिलं, होडी कुठेच नव्हती. न ऐकलेल्याला हात नाही, म्हणून सव्वीस वर्षं कवळीकरचा एकट्याचा हात वर व्हायचा आणि खाली यायचा.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. दवाखानाही सुटला. बुधवारी होडी लावायचं तेवढं राहिलं.

आणि यंदा फ्रेमवाल्याने सांगितलं, दुकान बंद. डोळे गेले, काच कापताना हात चिरतो, लेक आपल्याकडे बोलावते आहे. म्हणजे ही शेवटची यादी. "चार प्रती करू," तो म्हणाला, "बाईंच्या अक्षरात. चौघांना चौकटीत घालून देतो. शेवटचं काम."

कवळीकर घरी आला आणि त्याला जेवण जाईना. चार घरांच्या भिंतींवर दहा नावं लागणार, आणि त्यांत होडी नाही. ज्या चोवीस-चोवीस मिनिटांसाठी आपण दोघं जगलो, त्यांची जगात कुठे नोंद म्हणून नाही. हे ऐकून कुणी हसेल तर हसो. त्याला बाकी काही नको होतं, घर नको, मान नको, तेवढी एक ओळ हवी होती. शेवटी त्याने बायकोच्या फोटोकडे न बघता रेकॉर्ड उचलली, जाड टॉवेलात गुंडाळली आणि यादीच्या आदल्या रविवारी दुकानात नेली.

"आली!" फ्रेमवाला ओरडला. "सव्वीस वर्षांनी नवरी आली!"

बाईंनी चष्मा पुसला. वाइंडरने हात धुतले, त्याने मंडळात हात धुतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कवळीकरने स्वतः सुई टेकवली आणि स्टुलावर येऊन बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

गाणं सुरू झालं आणि एक पोर गायला लागली.

अठरा-वीस वर्षांची असेल. स्वच्छ, चढा, खट्याळ आवाज, मागे टणटण वाजणारी गिटार, आणि ठेका असा की फ्रेमवाल्याची मान आपोआप हलायला लागली. कवळीकरला आधी वाटलं रेकॉर्ड दुसरीच आहे. मग चाल ओळखीची वाटली, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुझं मशीन फास्ट आहे," तो फ्रेमवाल्याला म्हणाला.

"छे! या मशीनवर आपण सगळ्या ऐकल्यात."

वाइंडरने खिशातून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली, काळ्या-पांढऱ्या रेघांची. गाणं थांबवून ती फिरत्या थाळीवर ठेवली. "ट्यूबलाइटच्या उजेडात बघ. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात." सगळ्यांनी वाकून पाहिलं. रेघा उभ्या होत्या.

मग बाजू पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि ती वीस मिनिटांत संपली. बाई इंग्रजी शब्द टिपून घेत होत्या. कवळीकरने विचारलं, "नवरा बुडाल्याचं आहे ना?" बाईंनी टिपलेले शब्द पुन्हा एकदा वाचले. त्या कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी आवाज मऊ ठेवून म्हणाल्या, "जत्रेचं आहे. ती मुलगी एका होडीवाल्याची टर उडवते आहे."

मंगळवारी दुपारी वाइंडर चार जिने चढून कवळीकरच्या घरी आला. प्लेअर उलटा करून तळाची पट्टी वाचली, ट्रान्स्फॉर्मर पाहिला, आणि कपाळावर हात मारला. "मेहुण्याने ज्या देशातून हे आणलं, तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. आपली पन्नास. ट्रान्स्फॉर्मरने दाब उतरतो, हेलकावे बदलत नाहीत. ही मोटार हेलकाव्यांवर चालते. म्हणजे पहिल्या दिवसापासून मंद. सहावा हिस्सा मंद."

त्याने चकती ठेवून दाखवली. रेघा हळूहळू मागे सरकत होत्या.

"इतकी वर्षं मला कळलं कसं नाही?"

"कळणार कसं? घरात दुसरी रेकॉर्डच नव्हती तुझ्या." वाइंडर वाईट माणूस नव्हता. मोटार बिघडली की नीट करायची एवढं त्याला ठाऊक. "ही पितळेची लहान चाकी आहे ना, तिच्या जागी थोडी मोठी बसवतो. दहा मिनिटांचं काम. एकदम ओके होईल."

कवळीकर म्हणाला, "एका म्हातारीची कवळी तीनदा परत आली होती. मापं सगळी बरोबर. मग कळलं, तिची जुनी कवळी तीस वर्षं वाकडी होती आणि जबडा तिच्या वळणाचा झाला होता. शेवटी मी नवीही तशीच वाकडी करून दिली."

"मग?"

"मग परत आली नाही."

वाइंडरला जे समजायचं ते समजलं. "राहू दे मग तसंच," म्हणाला आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

बुधवारी जेवण झाल्यावर कवळीकर खुर्चीत बसला. त्याने मनाशी ठरवलं होतं, की झालं गेलं विसरायचं. मशीन तेच, रेकॉर्ड तीच, खोली तीच. त्याने सुई टेकवली. जाड, दमलेला आवाज आला. पण आता तो पन्नाशीच्या बाईचा नव्हता. आता ती एक पोरगी होती, कुणीतरी पाय धरून मागे ओढलेली. गिटारची तार लांबत होती, ती दुःखाने नाही, मोटार ओढत नव्हती म्हणून. तो एकेक ओळ ऐकायचा प्रयत्न करी आणि प्रत्येक ओळीखाली त्याला मागे सरकणाऱ्या रेघा दिसत.

आणि मग त्याला बायको आठवली. कपड्यांच्या घड्या घालताना ती ही चाल गुणगुणायची. सावकाश, खालच्या सुरात, अगदी जशीच्या तशी. तिच्या दम्यालाही ते झेपायचं. आत्ता आठवताना त्याच्या मनात आलं, तीही चुकीचंच गुणगुणत होती. असं मनात आल्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने उठून प्लग काढला. पण मनात आलेलं काही प्लगबरोबर निघालं नाही. चाळीस वर्षं हातात मापपट्टी घेऊन बसलेला माणूस, एकदा चूक दिसली की त्याला ती दिसतच राहते.

शेवटच्या रविवारी नऊ नावं पटापट ठरली. बोकड पहिला, पाणचक्की दुसरी, त्यावर भांडायचाही कुणाला जीव नव्हता. नऊ झाल्यावर फ्रेमवाल्याने खाकरून घेतलं. तिघांनी आधी बोलून ठेवलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"दहाव्या नंबरला उलटी होडी," तो म्हणाला. "आता ऐकलीय सगळ्यांनी." आणि हात वर केला. वाइंडरने केला. बाईंनी केला, आणि बाईंनी आयुष्यात कधी कुणाला फुकट मार्क दिले नव्हते.

तिघं कवळीकरकडे बघत राहिले. त्याचे हात गुडघ्यांवर होते, आणि ते तिथेच राहिले.

"अरे, हात वर कर की," फ्रेमवाला म्हणाला. "तुझीच रेकॉर्ड आहे."

"इतकी चांगली नाहीये ती," कवळीकर म्हणाला.

"सव्वीस वर्षं डोकं खाल्लंस आमचं! आता आम्ही तयार झालो तर हा बघा. तुझ्यासाठी करतोय ना आम्ही!"

"म्हणूनच."

वाइंडर चिडून उठला, पुन्हा बसला. बाईंनी हात खाली घेतला आणि विचारलं, "मग आवडती? ती तरी होडी लिहू?"

"नको."

"मग कुठली?"

"मी ज्या रेकॉर्डबद्दल बोलत होतो ना बाई, ती कधी कुणी काढलीच नव्हती. ती आमच्या खोलीत होती. आम्हा दोघांनाच माहीत होती. बायको गेल्यावरही मी म्हणायचो, आपल्याकडे रेकॉर्ड तरी आहे." एवढं बोलून त्याने नाक पुसलं आणि सवयीने म्हणाला, "माफ करा हं, तुमचा वेळ घेतला."

बाईंनी त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवली. दहाव्या क्रमांकावर बुजगावणं आलं. ते कुणाचंच लाडकं नव्हतं, पण चार हात मिळाले.

फ्रेमवाला महिनाभरात लेकीकडे गेला. चौकटी छान झाल्या होत्या. कवळीकरने आपली दारामागे लावली, खिळा तिथे आधीपासून होता म्हणून. नंतर एका बुधवारी त्याने वाइंडरला बोलावून प्लेअर, ट्रान्स्फॉर्मर आणि होडी, सगळं देऊन टाकलं. वाइंडर नको नको म्हणत होता, पण जिने उतरताना त्याची चाल हलकी होती. त्याने चाकी बदलली. मशीन आता त्याच्या घरी असतं. तो अधूनमधून फोन करतो, म्हणतो, "काय वाजतंय रे, एकदम बरोबर! येऊन ऐक एकदा." कवळीकर येतो म्हणतो, आणि जात नाही.